रक्तगट जुळला नाही तेव्हा

घरातलाच कोणी आपल्या यकृताचा भाग देऊन आजारी माणसाला वाचवू शकतो, हे आता भिवंडीतही ऐकून ठाऊक आहे. पण रक्तगट जुळला नाही की पुष्कळ घरं तिथेच हात टेकतात. म्हणून आमचा अनुभव सांगतो.

आमच्या भाईजानचा गट ‘ओ’. या गटाचा माणूस यकृत कोणालाही देऊ शकतो. घेताना मात्र त्याला ‘ओ’च लागतं. अम्मी-अब्बा थकलेले, ‘ओ’ गटाच्या एकुलत्या बहिणीला मधुमेह. उरल्या भाभी. त्यांचा गट ‘बी’.

मुंबईच्या डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, दोन कुटुंबांनी आपसांत दाते बदलण्याचा. 2011 च्या दुरुस्तीपासून कायदा त्याला परवानगी देतो. पण ‘ओ’ गटाच्या दात्याला आपल्याच माणसाला द्यायला अडचण नसते. तो अदलाबदलीला येणार कशाला? दुसरा मार्ग, गट न जुळताही रोपण. भाईजानच्या रक्तातली ‘बी’विरोधी द्रव्यं नव्या यकृतावर तुटून पडणार. ती नव्याने तयार होऊ नयेत म्हणून दोन-तीन आठवडे आधी रिटुक्सिमॅब हे औषध देतात आणि रक्तातला प्लाझ्मा काढून, गाळून ती कमी करतात. जपानच्या डॉक्टरांनी ही पद्धत पुढे नेली. जंतुसंसर्गाचा आणि पित्तनलिका अरुंद होण्याचा धोका मात्र वाढतो.

नातेवाइकांनी विचारलं, हे जायज आहे का? जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने 1988 मध्येच अवयवदानाला परवानगी दिली आहे. दात्याच्या जिवाला धोका नको आणि अवयवाचा सौदा नको, या अटींवर.

आम्हाला खरी काळजी भाभींची होती. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त. त्या खुशीने देतात की घराच्या दबावाने, हे कोण पाहतं? म्हणून अम्मींनी सगळ्यांना बजावलं, “सूनबाईसमोर कोणी विषय काढायचा नाही.” भाभींच्या माहेरच्यांना बोलावलं. रुग्णालयातही त्यांना एकटीला बसवून विचारलं गेलं. त्या म्हणाल्या, “नाही म्हटलं असतं तरी या घरात माझी इज्जत तीच राहिली असती. म्हणूनच हो म्हणते.”

अल्हम्दुलिल्लाह, भाईजान आज आपल्या पायांनी मशिदीत जातात. पित्तनलिकेसाठी दोनदा दाखल व्हावं लागलं. गोळ्या जन्मभर आहेत. भाभींचं यकृत काही महिन्यांत वाढून भरून आलं, पोटावरचा व्रण राहिला.

वाचकहो, रक्तगट जुळला नाही म्हणून आशा सोडू नका. मात्र देणाऱ्याचं मन आधी विचारा. अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा देवो. आमीन.