वैनगंगेची वही

लहान जलविद्युत म्हणजे धूर नाही, राख नाही, म्हणून नदीला काही होत नाही, असं बरेच जण धरून चालतात. चंद्रपूरची औष्णिक राख पाहिलेल्या माणसाला ते पटतंही. मी धानवाला, मोटारीला वीज मलाही पाहिजे. पण नदीचा हिशोब वेगळा.

आपल्या वैनगंगेवर गोसीखुर्दच्या पायथ्याशी २४ मेगावॅटचं वीजघर आहे. देशात २५ मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प लहान धरतात. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत २५ च्या खालच्या जलविद्युतला पर्यावरण मंजुरीची अट नाही. अट नाही म्हणजे परिणामाचा अभ्यास आणि जनसुनावणी करायलाच पाहिजे असंही नाही. (धरण सिंचनाचं, १९८८ पासूनचं, त्याची गोष्ट मोठी. मी बोलतो ते फक्त विजेचं.)

डोंगरात पाणी पाईपातून वळवतात, तिथं मधली नदी कोरडी पडते. पायथ्याच्या वीजघराचं तसं नसते, पाणी लगेच नदीत परत येते. इथं पाहायचं ते वेळेचं. टर्बाइन चालू झालं की खाली पाणी चढते, बंद झालं की उतरते. उन्हाळ्यात रेतीवर डांगरवाडी लावणाऱ्या ढिवर भावाला वीतभर चढही भारी. काठच्या गवतात मासोळीनं अंडी घातली आणि पाणी उतरलं, तर अंडी उघडी पडतात.

म्हणून घाटावरच्या खडकाला मी ऑइलपेंटच्या वीत-वीत अंतरानं रेघा मारल्या आहेत. सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ला पाणी कोणत्या रेघेवर, ते वहीत. बाजूला पाऊस पडला का, आठवड्यातून एकदा विहिरीची पातळी, आणि जाळ्यात काय आलं. दिवसातून एकच नोंद केली तर रात्रीची चढ-उतार दिसतच नाही. कृषीवाल्या पोरांनो, महिन्याची सरासरी तर अजिबात मागू नका. वाडी एका रात्रीच्या पाण्यानं जाते.

आणि पाऊस नसताना चढ दिसला म्हणून लगेच वीजघरावर ढकलू नका. धरणाला ३३ दरवाजे आहेत, तेही उघडतात. वेळा मागवून वहीशी जुळवायच्या, मगच बोलायचं.

मी ब्रम्हपुरीच्या काठाचा. वडसा, आरमोरी, खाली मार्कंड्यापर्यंत कोणी अशीच वही धरली, तर एक चढ कुठं किती तासांनी पोचतो ते कळेल. रेघा उन्हाळ्यातच मारून घ्या, तेव्हा खडक खालपर्यंत उघडा असतो.