वाट रानातली, तयारी गावांची

सॅन डिएगो

प्रिय मुक्ता,

तुझी सामानाची यादी मिळाली. ग्रॅमचा वेगळा रकाना पाहून बरं वाटलं, पण तळाची बेरीज १४ किलो आहे, तीही अन्न-पाणी-इंधन सोडून. इथले चालणारे याला ‘बेस वेट’ म्हणतात. तुझं ते आठ किलोच्या आत यायला हवं. दुसरी जीन्स, जाड कादंबरी आणि कोयता एवढ्या तीन गोष्टी काढल्यास तरी सुरुवात होईल. कोयता कशाला गं? पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर करवंदाच्या जाळ्या नाहीत. शिवाय तिथलं एक झुडूपही तोडायचं नसतं.

ही वाट मी सलग चाललेलो नाही, सिएरातले तुकडे तेवढे केलेत. पण दर वर्षी मार्च ते मे या काळात कॅम्पोला निघालेली माणसं आमच्या हॉलमध्ये पथारी टाकतात आणि पहाटे मी त्यांना मेक्सिकोच्या सीमेवरच्या त्या लाकडी खांबांपाशी सोडून येतो. त्यांच्या पिशव्या बघून बघून माझी काही मतं झाली आहेत. त्यातलं एक तुला सांगण्यासारखं आहे: तुझी सगळी तयारी चढाची चालली आहे. दर रविवारी सिंहगड, महिन्यातून एकदा तोरणा, मधे कात्रज ते सिंहगड. पाय दणकट होतील, झकास. पण ही वाट घोड्यांनाही चालता यावी अशी बांधलेली आहे. सहसा ती उभी चढत नाही, वळसे घेत घेत निवांत वर नेते. तोरण्याच्या बिनी दरवाज्याच्या वाटेसारखं काही तिथे फार थोडं. तिथे अवघड असतो तो दुसरा दिवस, आणि त्याच्यानंतरचा चाळिसावा.

साधा हिशोब कर. पूर्ण वाट २,६५० मैल, म्हणजे सुमारे ४,२६५ किलोमीटर. पाच महिने धरले तर रोजचे सरासरी २८, आणि गावातले सुट्टीचे दिवस वजा केले तर तीसच्या वर. म्हणून सिंहगड करून आलीस की सोमवारी पाठीवर तेवढंच ओझं घेऊन ऑफिसला चालत जा, मंगळवारीही जा. लोक हसतील. टाच कुठे घासते, पट्टा कुठे काचतो, हे रविवारच्या एका दिवसात कळत नाही. आणि बूट पुण्यात घेऊ नकोस. रोजच्या चालण्याने पाय सुजतात, पसरतात, अर्धा-एक नंबर मोठा लागतो. इथे आल्यावर घेऊ. शेवटापर्यंत तसेही चार-पाच जोड लागतील.

आता तारखांचं, कारण तुझ्या बाबतीत हेच सगळ्यात अडचणीचं आहे. परवाना फुकट असतो, पण मार्च ते मे दक्षिण टोकावरून दिवसाला ५० जणांनाच सुटायला मिळतं. फार लवकर निघालीस तर सॅन हासिंतोच्या डोंगरावर बर्फाची काच असते. पुढे सिएरा नेवाडात जूनच्या आधी पोहोचण्यात अर्थ नाही. उशीर केलास तर दक्षिणेतल्या वाळवंटात पाणी आटतं, ऑगस्टमध्ये उत्तर कॅलिफोर्निया आणि ओरेगनमध्ये वणवे, आणि सप्टेंबर सरता सरता वॉशिंग्टनमध्ये पुन्हा बर्फ. २०२१ च्या डिक्सी वणव्यात या वाटेचाही मोठा पट्टा जळाला. इथल्या लोकांना एखादा टप्पा सोडून पुढच्या वर्षी परत येता येतं. तुझ्या बी-२ व्हिसावर विमानतळावरचा अधिकारी साधारण सहा महिने देईल आणि ते तू उतरलीस त्या दिवसापासून मोजले जातील. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ये, तिसऱ्यात चालायला लाग. महिनाभर आधी येऊन मामीच्या हातचं खात बसायचा बेत मला आवडेल, पण व्हिसाला परवडणार नाही.

उत्तर टोकाचं एक बदललंय. पूर्वी परवाना काढून वाटेनेच कॅनडात शिरता यायचं. २०२५ पासून कॅनडाने ते बंद केलं. सीमेवरच्या खांबाला हात लावायचा आणि हार्ट्स पासपर्यंत सुमारे ३० मैल मागे यायचं. ते दोन दिवस आणि तेवढं जेवण हिशोबात धर. शेवटाला पोचून पुन्हा मागे चालायचं, हे मनालाही आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता खाण्याचं. ‘रानात जाते आहे’ असं तू सगळ्यांना सांगतेस, पण या रानातलं चालणं पोस्टाच्या वेळापत्रकावर उभं असतं. चार-सहा दिवसांचं अन्न पाठीवर, मग खाली उतरून एखादं गाव, मग पुन्हा वर. काही गावांत मोठी दुकानं आहेत, काही ठिकाणी पेट्रोल पंपावरच्या नूडल्स आणि चॉकलेटं. तू शाकाहारी, त्यामुळे अशा ठिकाणी खोकं आधीच पोचलेलं हवं. इथल्या पोस्टात ‘जनरल डिलिव्हरी’ म्हणून सोय आहे: खोक्यावर तुझं नाव, गावाचं पोस्ट आणि तू कधी पोचणार ती अंदाजे तारीख लिहायची. ओळखपत्र दाखवून उचलायचं. पण शनिवारी दुपारी पोहोचलीस तर सोमवारपर्यंत अडकलीस, आणि दोन रात्रींचं मोटेलचं भाडं खोक्यातल्या मालापेक्षा महाग पडेल. वेळापत्रक करताना मैलांच्या आधी वार बघ.

पण सगळी खोकी आत्ताच भरून ठेवू नकोस. पहिले दोन-तीन आठवडे भूक मरते, नंतर ती अशी उसळते की माणसं गावात उतरून दोन माणसांचं जेवण एका बैठकीत संपवतात. एप्रिलमध्ये आवडलेली चव जुलैमध्ये नको होते. आमच्या हॉलमध्ये एक मुलगा पाच महिन्यांचं एकाच प्रकारचं ओटमील भरून आला होता. जूनमध्ये त्याने मला फोन केला, म्हणाला बाकीचं कुणाला तरी वाटून टाका. आम्ही अजून खातोय.

तुझ्याकडचं काय चालेल? तूप. ग्रॅममागे सुमारे नऊ कॅलरी, त्याला तोड नाही. भाजलेले पोहे, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की. शिजवून वाळवलेला वरण-भात ताईला करायला सांग, पण आधी चार दिवस सलग तोच खाऊन बघ, तोही गच्चीवर, छोट्या गॅसवर, एका भांड्यात. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, ते इथेच मिळतील. सिएरात खाणं अस्वलापासून राखायला कडक प्लास्टिकचा डबा सक्तीचा आहे. रिकामाच किलोभर भरतो. तो मी केनेडी मेडोजला, म्हणजे साधारण ११३० किलोमीटरवर, पाठवीन. तोवर उगाच वाहू नकोस.

पाण्याबद्दल तुला सांगायला नको असं वाटेल, पण सांगतो. कॅम्पो ते लेक मोरेना, पहिले ३२ किलोमीटर, वाटेत भरवशाचं पाणी नाही. पाच लिटर घे, म्हणजे पहिल्याच दिवशी पाच किलो वाढले. गाळणी कधी गोठू देऊ नकोस. तिच्या आतल्या बारीक नळ्या फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. थंडीच्या रात्री ती झोपायच्या पिशवीत, पायाशी. सिएरातले प्रवाह ओलांडताना आपलं सह्याद्रीतलं गणित विसर: आपल्याकडे ओढा पावसाने चढतो, तिथे उन्हाने. दिवसभर बर्फ वितळून संध्याकाळी पाणी छातीला लागतं, पहाटे तेच कमरेखाली असतं. पार होताना पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेव. चारचौघांबरोबर उतर. आणि पाणी जास्त वाटलं तर तिथेच तंबू ठोकून सकाळ होऊ दे.

बर्फावर पाय घसरला तर बर्फाच्या कुऱ्हाडीने (आइस अ‍ॅक्सने) स्वतःला थांबवायचं कसं, हे व्हिडिओ बघून येत नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा तसलाच एखादा प्राथमिक कोर्स झाला तर फॉरेस्टर पासवर, म्हणजे चार हजार मीटरवर, त्याचा उपयोग होईल. या वाटेवरची सगळ्यात उंच जागा ती. विम्याची पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाच. पुष्कळशा प्रवास-विम्यांत ट्रेकिंग वगळलेलं असतं, किंवा उंचीची मर्यादा घातलेली असते.

विष्ठा पंधरा-वीस सेंटिमीटर खोल पुरायची, पाण्यापासून साठ मीटर लांब, आणि कागद वापरलास तर तो पिशवीत घालून गावापर्यंत न्यायचा. आपण पाणी वापरणारी माणसं, इथे पहिल्यांदा आपला फायदा आहे.

ताईचा फोन आला होता. म्हणाली, चालायचंच आहे तर वारीला जा, निदान सामान ट्रकमधून जातं. मी तुझी बाजू घेतली, पण जोर लावून नाही. तिला मी कबूल केलंय की उपग्रहाचं यंत्र तू घेशील आणि रोज मुक्कामाला पोचल्यावर ‘ठीक आहे’चं बटण दाबशील. नकाशावर तुझं टिंब तिला मोबाईलवर दिसेल. यंत्र मी देतो, वर्गणी तू भर. फक्त गावात सुट्टी घेशील, तेव्हा टिंब जागचं हलणार नाही, हे तिला निघण्याआधीच नीट समजावून ठेव. नाहीतर रात्री दोनला फोन मला येणार.

तिकीट काढलंस की कळव. परतीचंही काढ, विमानतळावर विचारतात.

तुझा,
मामा