तपासनिसाची तपासणी

शाळा तपासावयास येणाऱ्या अधिकाऱ्यास आमच्या वसईकडील जुनीं माणसें ‘दिपोटी’ म्हणत. मूळ हुद्दा डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर; लोकांच्या जिभेनें त्याची लांबी कमी केली, दरारा मात्र तसाच ठेवला. हा गृहस्थ मुलांची परीक्षा घेई, मास्तरांचीहि घेई. पण त्याची स्वतःची परीक्षा कोण घेतो आणि कशावरून, याचें मला नेहमीं कुतूहल वाटत आलें आहे.

मुंबई इलाख्यांत शिक्षणखातें स्थापन झालें १८५५ सालीं. त्यानंतरच्या पिढींतील कांहीं तपासनीस शिक्षकी करीत करीतच वर चढले. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत हे त्यांपैकींच एक. मराठी शाळेंतील साध्या शिक्षकाचे ते पुढें ठाणें व पुणें येथें असिस्टंट डेप्युटी झाले. त्रिकोणमिति व व्याकरण या विषयांवर त्यांनीं पुस्तकें लिहिलीं. अशा मनुष्यास वर्गांतील अडचण समजावून सांगावी लागत नाहीं. ती त्यानें स्वतः भोगलेली असते.

परंतु चांगला तपासनीस निपजला तरी खातें त्याला कोणत्या मापानें मोजतें, हा प्रश्न उरतोच. १८६२ सालीं इंग्लंडांत शाळांचें अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालावर बांधण्यांत आलें. कवि मॅथ्यू आर्नल्ड १८५१ पासून तेथें तपासनीस होता. या पद्धतीनें शिकविणें यांत्रिक होईल, असें त्यानें आपल्याच खात्याविरुद्ध लिहिलें. मुख्य तपासनिसाची जागा त्याला मिळाली १८८४ सालीं, म्हणजे नोकरीच्या तेहतिसाव्या वर्षीं!

आतां वसई पालघर जिल्ह्यांत आहे. दिपोटी गेले, त्यांच्या जागीं केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आले. कोणी सेवाज्येष्ठतेनें वर चढतो, कोणी विभागीय परीक्षा देऊन. आणि वर्षअखेर प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहिला जातो.

मागें एका शाळेंत मीं दोन तपासण्या पाहिल्या. आमच्याकडील सामवेदी घरांत कादोडी बोलतात. पुस्तकांतली मराठी मुलांना शाळेंतच भेटते. पहिल्या साहेबांनीं तोंडी हिशेब घातला. मुलीनें उत्तर दिलें, पण घरच्या भाषेंत. साहेबांनीं शेरेबुकांत ‘वर्ग कच्चा’ असें लिहिलें आणि ते पुढच्या शाळेकडे निघाले. कांहीं महिन्यांनीं दुसरे आले. त्यांनीं त्याच मुलीला विचारलें, “बाळ, केळीच्या घडाला आठ फण्या होत्या, तीन विकल्या, तर किती उरल्या?” उत्तर पुन्हा घरच्याच भाषेंत आलें, आणि तें बरोबर आहे हें त्यांनीं ओळखलें. मग तासभर बसून, घरच्या बोलीवरून पुस्तकाच्या भाषेकडे मुलांना कसें न्यावें, हें ते बाईंशीं बोलत राहिले.

खात्याच्या तक्त्यांत दोघांचीहि भेट एकच धरली गेली. किंबहुना पहिल्या साहेबांच्या त्या दिवसाच्या भेटी तीन भरल्या, दुसऱ्यांची एकच. भेटींच्या संख्येवर बढती ठरूं लागली, तर शहाणा मनुष्य तासभर बसेल कशाला?

माझी सूचना साधी आहे. तपासनिसाच्या अहवालांत एक रकाना शिक्षकानें भरावा: ‘यांच्या भेटीनंतर माझ्या शिकविण्यांत काय बदललें?’ तो रकाना वारंवार कोरा राहिला, तर त्या अधिकाऱ्यास बढती देण्याऐवजीं वर्षभर एखाद्या वर्गावर शिकवावयास पाठवावें. त्याला याहून चांगलें प्रशिक्षण मला तरी सुचत नाहीं.