मेणाचा ठोकळा

बायॉप्सीच्या पहिल्या रिपोर्टात गाठ कर्करोगाची असल्याचे स्पष्ट झाले आणि सांगलीच्या त्या घरात एकच घाई सुरू झाली. ‘आधी गाठ काढून टाकू, बाकीचे मग पाहू,’ असे धाकटे दीर म्हणू लागले. डॉक्टर मात्र थांबा म्हणत होते. काढलेल्या तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या बाकी होत्या. रोग अंगात असताना कागदाची वाट पाहावी, हे घरात कोणालाच पटेना.

पटायला हवे होते. कारण स्तनाचा कर्करोग हे एकाच रोगाचे नाव नव्हे. काही गाठींच्या पेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरून ठेवणारी ग्राहक-प्रथिने असतात. त्या गाठी संप्रेरकावर पोसल्या जातात. काही पेशींवर हर-टू नावाच्या प्रथिनाची गर्दी असते. काहींत यांपैकी काहीच नसते. अंडाशय काढल्यावर काही स्त्रियांच्या गाठी ओसरतात, हे ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. काहींच्याच, सर्वांच्या नव्हेत. कोणाच्या ओसरतील हे आधी सांगण्याचे साधन मात्र पुढे कित्येक दशके नव्हते. शिकागोत एलवुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनचा ग्राहक दाखवून दिला, तेव्हा कुठे ती वाट खुली झाली. तोवर कितीजणींनी ती शस्त्रक्रिया व्यर्थ सोसली असेल!

रिपोर्ट आला. ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह. हर-टूपुढे मात्र ‘२+, संदिग्ध’ असा शेरा. शून्य किंवा एक म्हणजे निगेटिव्ह, तीन म्हणजे पॉझिटिव्ह. दोन आले तर ‘फिश’ ही जनुकांची मोजणी करावी लागते. आयुष्यभर कापडदुकानाची खतावणी सांभाळलेल्या यजमानांना तो शेरा सोसवेना. जमा म्हणा, नाहीतर नावे म्हणा. हे मधलेच काय, असे ते पुन्हापुन्हा विचारीत राहिले.

फिशसाठी गाठीचा अंश असलेला मेणाचा ठोकळा मुंबईला न्यायचा होता. तो घेऊन निघाले ते दीरच. बिस्किटाहूनही लहान अशी ती वस्तू त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि रात्रभर गाडीत त्यावरचा हात काढला नाही.

फिश पॉझिटिव्ह आली. उपचारांचा क्रमच बदलला. आधी केमोथेरपी आणि ट्रास्टुझुमॅब, मग शस्त्रक्रिया, पुढे कित्येक वर्षे हार्मोनविरोधी गोळ्या. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाच्या समतुल्य आवृत्त्या आता भारतातही बनतात. तरी खर्च ऐकून यजमान क्षणभर गप्प झाले. घाईत आधीच शस्त्रक्रिया उरकली असती, तर औषधाने गाठ विरते आहे की नाही हे पाहण्याची संधीच गेली असती.

पहिल्या सलाइनच्या आदल्या रात्री फाइल लावताना वहिनींनी विचारले, ‘‘भाऊजी, तो ठोकळा परत आणलात ना?’’

‘‘आणला, वहिनी.’’

त्यांनी तो कागदात गुंडाळला आणि कपाटाच्या तळच्या खणात, ऊन पोहोचणार नाही अशा जागी ठेवून दिला.