परमुलखातली पहिली आगगाडी

बडोदेकरांना आगगाडीचे अप्रूप वाटण्याचे वस्तुतः कारण नाही. खंडेराव महाराजांच्या राज्यात १८६२ साली डभोई ते मियागाम हा अडीच फुटी रुळांचा मार्ग झाला व त्यावर आरंभी बैलांनी डबे ओढले, ही हकिगत आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. आता ज्या मुंबई-अहमदाबाद वेगवान मार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली, त्या ५०८ किलोमीटरांतील बारा स्थानकांमध्ये बडोदेही आहे, आणि तंत्र जपानचे आहे. त्यामुळे मुलाकडे टोकियोला जाण्याचा योग आला, तेव्हा त्या गाडीचे मूळ घर पाहावे असे आम्हां उभयतांच्या मनात आले. टोकियो ते क्योटो असा प्रवास ठरला. मुलाला रजा नव्हती. आम्हां दोघांनाच जावयाचे होते.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. एका दुखण्यानंतर सौ.ला गेली सहा वर्षे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानातील यंत्राचा उपयोग बेताचाच. घरात आमचे चालते. पण चार माणसांत गेले की लोक तिच्याशी बोलावयाचे सोडून आमच्याशी बोलतात, आणि तिचे उत्तर आम्ही द्यावे अशी अपेक्षा करतात. हळूहळू तिने मंडळाच्या कार्यक्रमांना येणे सोडले. परदेशी जाण्यासही ती नाखूषच होती. "इथे काही समजत नाही, तिथे काय समजणार?" असे तिचे म्हणणे. त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

टोकियोच्या स्थानकात शिरलो आणि परिस्थिती पालटली. ध्वनिक्षेपकावरून सूचना अखंड चालू होत्या. त्यांतले एक अक्षर आम्हांला उमगेना. कान असून निरुपयोगी! सौ. मात्र सहा वर्षे डोळ्यांनीच जग वाचीत आली आहे. फलकावरील अक्षरे क्षणात जपानी, क्षणात रोमन होतात, हे तिच्या प्रथम ध्यानात आले. गाडीचे नाव, वेळ, फलाट तिने टिपून घेतले. दारावरील यंत्रात भाड्याचे आणि जलद गाडीचे अशी दोन्ही तिकिटे एकदम सारावयाची असतात, हेही पुढच्या प्रवाशाकडे पाहून तिनेच जाणले. फलाटावर प्रत्येक डब्याचा क्रमांक जमिनीवर रंगविलेला असतो आणि दार नेमके तेथेच येऊन थांबते. सोळा डब्यांची, सुमारे ४०० मीटर लांबीची ती गाडी; पण धावाधाव म्हणून नाही.

गाडीतील फिरती खाद्यविक्री २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाल्याने लोक फलाटावरच जेवणाचे डबे घेतात. मांस, मासे, अंडी नकोत अशी जपानी चिठ्ठी मुलाने लिहून दिली होती. दुकानातील बाईंनी ती वाचली, एकेका डब्याकडे पाहिले आणि दोन्ही हातांची फुली करून दाखविली. नाही म्हणण्याची ती तेथली रीत. सौ. मनापासून हसली. त्या बाईंचे म्हणणे आम्हां दोघांना एकाच क्षणी, सारखेच समजले होते. संत्री घेतली आणि पिशवीतील गूळपोळीवर भिस्त ठेवली.

ही गाडी १ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियो ऑलिंपिकच्या अवघे नऊ दिवस आधी सुरू झाली. तेव्हा टोकियो ते ओसाका चार तास लागत. आता सर्वांत जलद गाडीस सुमारे अडीच लागतात, आणि वेग ताशी २८५ किलोमीटरपर्यंत जातो. भूकंपाची चाहूल यंत्रांना लागताच वीज तुटते व गाडी आपोआप थांबू लागते. रुळांवरून घसरून वा टक्कर होऊन हिचा एकही प्रवासी आजवर दगावलेला नाही. हे सारे आम्ही वहीत लिहून सौ.ला दाखवीत होतो. तिचे लक्ष मात्र खिडकीबाहेर होते.

आत विलक्षण शांतता होती. दूरध्वनीवर बोलावयाचे तर माणसे उठून डब्यांमधील जागेत जातात. तपासनीस डब्यात शिरताना आणि बाहेर पडताना वळून, वाकून नमस्कार करी, सौ.ने बसल्या जागी हात जोडले. आतामीच्या पुढे जवळजवळ आठ किलोमीटरांचा शिन-तान्ना बोगदा आहे. गाडी त्यात शिरली आणि सौ.ने एकदम कानावर हात ठेवला. "अहो, कान दडपले!" ती म्हणाली. ज्या कानांनी सहा वर्षे काही सांगितले नव्हते, त्यांनी बोगद्याची वर्दी मात्र दिली. तिच्या मुद्रेवरचा तो आनंद शब्दांत मांडता येत नाही.

सुटल्यापासून पाऊण तासाने तिने आमची बाही ओढली. उजव्या हाताच्या खिडकीत ३,७७६ मीटर उंचीचा फुजी पर्वत, निम्म्यापर्यंत पांढरा, स्वच्छ उभा होता. डब्यात कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. एरवी तिच्यासाठी गप्प राहावे लागते असे आम्हांला वाटे. त्या दिवशी गप्प राहणे आपसूकच आले.

क्योटोस उतरलो तेव्हा पुढचा नकाशा सौ.च्या हाती होता, तो परत येईपर्यंत तिच्याच हाती राहिला.

बडोद्यास आल्यावर जेवणाच्या मेजावर वही-पेन्सिल कायमची आली. गेल्या मार्गशीर्षात सौ. एकटी गाडीने भुसावळला बहिणीकडे जाऊन आली. कोणी सोबत पाठवावे असा विषय निघाला, तेव्हा तिने हातांची फुली करून दाखविली!

ज्यांच्या घरी ऐकू न येणारे माणूस आहे, त्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. समोर बसून बोलावे, अडले तर लिहून दाखवावे आणि उत्तराची वाट पाहावी. त्यांचे उत्तर आपण देऊ नये. त्यांचे म्हणणे त्यांच्याजवळ तयार असते.