दोन साकव

आमच्या वाडीतून अंगणवाडीत जायचं तर पऱ्यावरचा साकव ओलांडावा लागतो. अरुंद आहे, एका बाजूचा कठडा कधीच गेलाय. २०२२ च्या दिवाळीनंतर एका सकाळी मी तिथे पोचले, तर साकव दोन होते. एक नेहमीच्या जागी. दुसरा त्याच्या उजव्या अंगाला, जरा वर, हवेत. दोन्हींवर सारखंच शेवाळ. मी तिथेच दगडावर बसले.

आणि त्याच आठवड्यात सगळं कुडपण गाव मला सांगत होतं, "बाई, बऱ्या झालात हो. डोळा उघडला तुमचा."

दुखणं सुरू झालं जूनमध्ये. नाचणीच्या आवणात वाकले होते. डोक्यात मागच्या बाजूला एकदम असं काही झालं, की कुणी पाटा घातला वाटून मी वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग उलट्या, मान ताठ. जाऊबाई म्हणाल्या, पित्त आहे, पडून राहा. दिरांनी ऐकलं नाही. जीप काढली. धुक्यातून घाटाची वळणं घेत पोलादपूर, तिथून हायवेने मुंबई. त्या प्रवासातलं मला फक्त वायपरचा आवाज आठवतो.

मेंदूच्या तळाशी एका धमनीला फुगा आला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा, असं डॉक्टरांनीच ह्यांना समजावलं. तो फुटून रक्त सांडलं होतं, पुन्हा फुटला तर गाठ मरणाशी होती. मांडीतून तार नेऊन फुगा आतून भरायची एक रीत असते. दुसरी म्हणजे कवटी उघडून त्याच्या मानेला चिमटा लावायचा. माझ्या फुग्याला चिमटाच बरा, असं ठरलं. खर्चाचं फुले योजनेत, केशरी रेशनकार्डावर बसलं. ह्यांनी सही केली.

शुद्धीवर आले तेव्हा डावा डोळा बंद. पट्टी असेल म्हणून हात लावला. पट्टी डोक्याला होती, डोळा नुसताच मिटलेला. बोटाने पापणी उचलली तर उजेड घुसला तो सुईसारखा. पुढे आरशात बघितलं. बुबुळ बाहेरच्या कोपऱ्यात, खाली सरकलेलं, बाहुली मोठी काळीभोर. दुसऱ्याच कुणाचा तरी डोळा माझ्या तोंडावर बसवल्यासारखा.

वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टरणीने कागदावर काढून दाखवलं. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. तिसरी जोडी डोळ्यांची. पापणी तीच उचलते, बाहुली तीच आवळते आणि डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी चार तिच्या ताब्यात. ती सुटली की उरलेले दोघं डोळा बाहेर-खाली ओढून नेतात. माझा फुगा नेमका ह्या नसेला टेकून होता. त्याला सोडवताना ती दुखावली.

"म्हणजे चूक झाली का काही?" ह्यांनी विचारलं. डॉक्टरणीने मान हलवली. नस सलग आहे, म्हणाली, पण आतले काही धागे तुटले असतील. ते परत वाढतात, फार हळू. दिवसाला मिलिमीटरभर धरा. मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू. डोकं वाचलं ह्याचा आनंद दोन दिवस टिकला, मग सगळं ध्यान डोळ्यावर.

तिनेच एक गोष्ट सांगितली. असा चिमटा जगात पहिल्यांदा लावला तो २३ मार्च १९३७ ला, अमेरिकेत बाल्टिमोरला, वॉल्टर डँडी नावाच्या डॉक्टरांनी. तो रोगी त्रेचाळीस वर्षांचा पुरुष होता आणि त्याचीही हीच नस गेलेली, फुग्यानेच दाबून. त्याचा चिमटा चांदीचा. माझा टायटॅनियमचा. चांदीचा असता तर जाऊबाईंनी काढून मागितला असता.

रक्त सांडल्यावर मेंदूच्या धमन्या आकसतात, म्हणून एकवीस दिवस दर चार तासांनी गोळ्या होत्या. रात्रीच्या बारालाही, पहाटे चारलाही. ह्यांनी मोबाइलचा गजर लावला तो कोंबड्याच्या आरवण्याचा. सगळा वॉर्ड आम्हाला ओळखायला लागला.

गावी आले ती एका डोळ्याने. कुणी म्हणालं अर्धांग, कुणी म्हणालं बाहेरचं. देवळात माझ्या नावाने नारळ ठेवला गेला, मीही हात जोडले. एका डोळ्याने दिसतं सगळं, पण लांब किती, खोल किती, ते कळत नाही. चहा कपाच्या बाहेर. सुईत दोरा नाही. बांधावरून उतरताना पाय आधी हवेत, मग एकदम खाली. तरी चार महिन्यांत सवय झाली. अंगणवाडीतली पोरं दोन दिवसांत सरावली. "बाई, तुमचा डोळा झोपलाय," एवढंच म्हणाली आणि खिचडीकडे वळली.

मग पापणी उचलायला लागली. आधी फट, मग अर्धी. घरात आनंद. आणि जगात सगळं दोन. पोरं दोन, वजनकाट्याचे आकडे दोन, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरचे रकाने एकमेकांवर चढलेले. रडत फोन केला, तर डॉक्टरीण म्हणाली, हे चांगलंच आहे. दोन आधीपासूनच दिसत होतं हो, पापणीने झाकून ठेवलं होतं.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बरं होताना मधे असा एक उतार लागतो, की वाटतं मिटलेलाच डोळा बरा होता. लोकांना पापणी दिसते, आतलं बुबुळ कुठे बघतंय ते दिसत नाही. त्यामुळे सगळे अभिनंदन करत होते आणि मी भिंतीला धरून चालत होते.

पुढे चष्म्याच्या डाव्या काचेवर एक पातळ रेघांचा पापुद्रा चिकटवून मिळाला. प्रिझम म्हणतात. त्याने समोरची दोन चित्रं बरीचशी एकावर एक आणली. एक खोड मात्र राहिली. वाढताना नसेचे काही धागे वाट चुकले म्हणे. खाली बघायचा हुकूम गेला की डावी पापणी उलटी वर जाते. मी रजिस्टर लिहायला मान घातली की पोरं समोर येऊन बसतात, ती केव्हा वर जाते ते बघायला.

आता समोर बघताना एकच दिसतं. खाली बघितलं की दुसरं अजून येतं. साकवावर तर पावलं बघतच चालावं लागतं. त्या पहिल्या दिवशी पलीकडून मदतनीस ओरडली होती, "बाई, या की, पोरं वाट बघतायत!" तेव्हा पदराचं टोक डाव्या डोळ्यावर धरलं. हवेतला साकव गेला. उरला त्यावरून गेले. आजही तसंच जाते, पलीकडे पोचले की पदर सोडते.