त्याचं दुखणं मी खरं मानलं नाही

डिसेंबर महिना होता आणि घटक चाचणीचा दिवस. सकाळी सात वाजता माझा सहा वर्षांचा मुलगा पाय पोटाशी घेऊन अंथरुणातच बसला होता.

"आई, पाय खूप दुखतात. आज शाळेत नको."

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. परीक्षेच्या दिवशी कुणाचं पोट दुखतं आणि कुणाचं डोकं, हे मला तोंडपाठ होतं. बहाणे करणारी मुलं मी दारातूनच ओळखते, असा माझा तोरा असे. मुलाचे पाय चाचपून पाहिले. सूज नाही, जखम नाही, अंगात तापही नाही. मी त्याला दंडाला धरून उठवलं. तो रडू लागला तेव्हा पाठीत एक धपाटा घातला आणि तसंच ओढत शाळेत नेलं.

दुपारी त्याच्या वर्गातली एक मुलगी धावत मला बोलवायला आली. तो बाकावर आडवा पडला होता. ओठ पांढरे पडले होते, डोळे हळदीसारखे पिवळे. हात लावू देत नव्हता. मला पाहून एवढंच म्हणाला, "आई, मी खोटं नव्हतो बोलत."

ही गोष्ट 2000 सालची. आज मुलगा तिशी ओलांडून गेला आहे, पण ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

खरं तर खुणा आधीपासून होत्या. तो आठ महिन्यांचा असताना दोन्ही हातांचे आणि पायांचे पंजे सुजले होते. सासूबाई म्हणाल्या, "पोराले नजर लागली." त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. चार-पाच दिवसांनी सूज उतरली, म्हणून आम्हीही विसरलो. पुढे तो सारखा फिकट दिसायचा. 'रक्त कमी आहे' असं ऐकून मी वर्षानुवर्षं त्याला लोहाचं टॉनिक पाजलं. कमी का आहे, हे मी कुणाला विचारलं नाही आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही.

त्या दिवसानंतर आम्ही त्याला नागपूरला नेलं. रक्ताची तपासणी झाली. डॉक्टरांनी मला आणि ह्यांना समोर बसवून सांगितलं, "मुलाला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. तुम्ही दोघेही एएस, म्हणजे वाहक. तुम्हाला स्वतःला काही त्रास होणार नाही, पण दोघांकडूनही सदोष जनुक आलं, की बाळाला आजार होतो."

रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. अगदी बारीक वाहिनीतूनही त्या सहज सरकतात. या आजारात प्राणवायू कमी पडला, की त्या ताठ होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. मग ठिकठिकाणी अडकून रक्ताची वाट अडवतात. जिथं वाट अडते तिथं असह्य कळा येतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर ही दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे. थंडी, ताप, दमणूक, पाणी कमी पिणं, एवढंही निमित्त पुरतं. त्या डिसेंबरच्या पहाटे माझ्या मुलाच्या पायात हेच चाललं होतं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

"आमच्याच नशिबी हे का आलं?" मी रडत विचारलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, हे मलेरियाचं देणं आहे." ज्या मुलुखांत पिढ्यानपिढ्या मलेरियानं माणसं मेली, तिथं हे जनुक टिकून राहिलं. कारण ज्याला ते एकाच पालकाकडून मिळतं, त्याचा जीव घातक मलेरियापासून बराच वाचतो. म्हणून हा आजार आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राच्या काठावर आहे आणि आपल्या विदर्भात, नंदुरबारमध्ये, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशातही आहे. भारतात तो पहिल्यांदा 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. लोक त्याला अमक्या-तमक्या जातीचा रोग म्हणून नाक मुरडतात. हे जनुक टिकलं ते जात बघून नव्हे, डासांच्या मागोमाग.

पुढची वर्षं सोपी नव्हती. तो अकरा वर्षांचा झाल्यावर हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. वर्षातून पाच-सहा वेळा दवाखान्यात भरती व्हावं लागे, ते एक-दोनदावर आलं. दप्तरात पाण्याची मोठी बाटली, हिवाळ्यात दोन स्वेटर, ठरलेल्या वेळी रक्त तपासणी. त्यातूनच तो शिकला, इंजिनिअर झाला आणि 2018 साली पुढच्या शिक्षणासाठी लंडनला निघाला. माझ्या पोटात गोळा आला. तिथली थंडी! पण मनाला समजावलं, की तिथले दवाखाने मोठे आणि डॉक्टर हुशार. इंग्लंडमध्ये तर 2006 पासून प्रत्येक नवजात बाळाची सिकलसेलसाठी तपासणी होते. तिथं त्याला कुणी खोटं ठरवणार नाही.

जानेवारीत रात्री त्याला जोराची कळ आली. कसाबसा टॅक्सी करून तो एका दवाखान्याच्या तातडीच्या विभागात पोचला. तिथल्या नियमाप्रमाणे अशा रुग्णाला अर्ध्या तासात वेदनाशामक औषध मिळायला हवं. त्याला अडीच तास खुर्चीवर बसवून ठेवलं. "दहापैकी किती दुखतंय? नऊ? पण तू तर शांत बसलेला दिसतोस," असं म्हणून त्याला नशेच्या औषधासाठी तर आला नाहीस ना, असंही आडून विचारलं. फोनवर हे सांगताना तो हसला. "आई, लहानपणापासून दुखणाऱ्याला ओरडायची सवय राहत नाही. पण ओरडलं नाही, तर कुणाला खरं वाटत नाही."

मी फोन ठेवला आणि देवघरासमोर बसून राहिले. हजारो मैलांवरची ती नर्स आणि दंडाला धरून ओढणारी मी, दोघींत फरक तो काय?

वॉर्डात त्याला शेजार मिळाला तो दोन बायकांचा. एक मूळची नायजेरियाची, दुसरी जमैकाची आजीबाई. जगात सर्वांत जास्त सिकलसेलची बाळं नायजेरियात जन्मतात. ती बाई त्याला म्हणाली, "आमच्या लागोसमध्ये मुलगा-मुलगी जरा जवळ आले, की आधी विचारतात, तुझा जिनोटाइप काय? एए, एएस की एसएस?" आपण गोत्र विचारावं तसंच! आजीबाईंनी सांगितलं, की जमैकात आयांना बाळाची पांथरी हातानं चाचपायला शिकवतात. ती एकाएकी वाढली, तर बाळाचं रक्त तिच्यात साठून काही तासांत जीव जाऊ शकतो. तिथल्या साध्यासुध्या आयांनी वेळेवर ओळखून कितीतरी बाळं वाचवली. आणि त्या दोघींनाही लंडनच्या दवाखान्यात कधी ना कधी "खरंच एवढं दुखतं का?" हे ऐकावं लागलं होतं. पुढे 2021 साली ब्रिटिश खासदारांच्या एका गटानं यावर अहवालच काढला. त्याचं नावच मुळी 'कुणीच ऐकत नाही' अशा अर्थाचं होतं.

मला वाटलं, आता तरी मी शहाणी झाले असेन. तसं नव्हतं.

माझी धाकटी लेक वाहक आहे. तिला स्वतःला काही त्रास नाही. तिच्यासाठी चांगलं स्थळ आलं तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, पोरगी धडधाकट आहे. कशाला सांगत बसता? मोडेल सगळं." मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं म्हणजे होकारच होता. लेक स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "आई, दादाचं दुखणं तू सहा वर्षं खरं मानलं नाहीस. आता माझं रक्त लपवून माझ्या बाळालाही तसंच दुखवायचं का?"

आम्ही सांगितलं. ते स्थळ मोडलं. महिनाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. दुसऱ्या स्थळाच्या मुलानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन स्वतःचं रक्त तपासून आला. तो निरोगी निघाला, थॅलेसेमियाचा वाहकही नव्हता. म्हणजे त्यांच्या मुलांपैकी कुणी फार तर वाहक होईल, एसएस होणार नाही. 2024 साली दोघांचं लग्न झालं.

दोघेही वाहक असते, तर? प्रत्येक बाळंतपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. दर वेळी नव्यानं तोच हिशेब. अशा जोडप्यानं गर्भारपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

आता दिवस बदलत आहेत. 2016 च्या कायद्यानं सिकलसेलचा दिव्यांगत्वात समावेश केला. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या सुमारे 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली, पण अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. आमच्यासारख्यांना आज तरी आधार आहे तो वेळेवर तपासणी, लस, रोजची गोळी आणि भरपूर पाणी यांचाच.

म्हणून बहिणींनो, तान्ह्या बाळाचे हातपाय सुजले, मूल सतत फिकट आणि पिवळं दिसू लागलं, हाडं दुखतात म्हणून रडू लागलं, तर नजर उतरवत बसू नका, मनानं लोहाची औषधंही देऊ नका. रक्ताच्या थेंबाची साधी चाचणी असते, ती करून घ्या. आजार ठाऊक असेल आणि ताप 101 अंशांवर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. आणि लग्न जुळवताना पत्रिका पाहणार असाल, तर तिच्याआधी रक्ताचा रिपोर्ट पाहा.

मुलगा आता नागपूरला परतला आहे. इथंच नोकरी करतो. गेल्या डिसेंबरात एका पहाटे त्यानं दाराशी येऊन हळूच म्हटलं, "आई, दुखतंय."

मी काही विचारलं नाही. पाणी गरम करायला ठेवलं, तांब्या भरून त्याच्या हातात दिला आणि ह्यांना उठवलं, "अहो, गाडी काढा."